जुलाब थांबले, पण वजनाचं काय?

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देताहेत फोंड्याच्या एक बालरोगतज्ज्ञ. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. पावसाळा लागल्यापासून त्याला हे चौथ्यांदा जुलाब. दर वेळी चार-पाच दिवसांत थांबतात, पंधरा-वीस दिवस बरे जातात आणि पुन्हा सुरू. नवव्या महिन्यात वजन ८.२ किलो होतं, आता ८.३ आहे. अंगणवाडीच्या कार्डावर तो अजून हिरव्या पट्ट्यात आहे, म्हणून घाबरायचं कारण नाही असं घरी सगळे म्हणतात. सासूबाईंच्या मते हे दात येण्याचे जुलाब. जुलाब असताना आम्ही दूध बंद ठेवतो, अंगावरचंसुद्धा, आणि पेजेचं पाणी नाहीतर साबुदाण्याची कांजी देतो. थांबल्यावरही पोटाला जड नको म्हणून आठवडाभर तेच चालू असतं. रोटा विषाणूच्या लसीचे डोस दिलेले आहेत. तरी असं का होतं? — एक आई, माशेल

उत्तर : वजनाचे दोन आकडे लिहिलेत, फार बरं केलंत. मला येणाऱ्या पत्रांत शीचा रंग, वास, दिवसातून किती वेळा, याचं साग्रसंगीत वर्णन असतं. वजनाचा पत्ता नसतो. तुमच्या पत्रात मला चार जुलाबांपेक्षा हे दोन आकडे जास्त खुपले.

नऊ ते चौदा महिने या काळात मुलाचं वजन साधारण १.२ किलोने वाढतं. तुमच्या मुलाचं वाढलं १०० ग्रॅम. तो हिरव्यात आहे हे खरं. पण कार्डावर रंग नंतर बघायचा, आधी रेघ बघायची. नवव्या महिन्यात तो हिरव्या पट्ट्यात चांगला आत होता. आता काठावर आलाय. चौदाव्या महिन्यात मुलाचं वजन ८.१ च्या खाली गेलं की पट्टा पिवळा होतो. म्हणजे अजून एक जुलाब झाला की तो पिवळ्यात जाणार आणि मग घरात धावपळ सुरू होणार. ती धावपळ आता करा.

जुलाब थांबले की आजार संपला, असं आपण सगळे धरून चालतो. मी तसं धरत नाही. गेलेलं वजन भरून निघालं आणि रेघ पुन्हा वर लागली, की त्या दिवशी माझ्या लेखी तो जुलाब संपला. या हिशेबाने तुमच्या मुलाचा पहिला जुलाबच अजून संपलेला नाही.

आत काय होतं ते सांगते. लहान आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे अगदी बारीक उंचवटे असतात. अन्न पचून रक्तात जातं ते त्यांच्यातून. रोटासारखा विषाणू त्यांच्या टोकांवरच बसतो आणि टोकं झडतात. निरोगी मुलात हे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं येतं, पण ते बांधायला माल लागतो : प्रथिनं, झिंक, कॅलरी. त्यात मुलाला ताप, म्हणजे खर्च वाढलेला. भूक मेलेली, म्हणजे आवक कमी. आणि उरलीसुरली आवक आपण स्वतःच्या हाताने बंद करतो, पोटाला विश्रांती म्हणून. आतड्याला अशी विश्रांती नको असते. उपाशी आतडं अर्धवट बांधलेलं राहतं आणि पुढचा जंतू येतो तो त्या अर्धवट आतड्यात. तो जुलाब जरा जास्त लांबतो, वजन जरा जास्त खातो. खंगलेल्या मुलाची प्रतिकारशक्तीही खंगलेली असते, म्हणून तिसऱ्याला आणखी सोपं जातं. कुपोषण आणि जुलाब यांचं नातं हे असं दोन्ही बाजूंनी चालतं.

तुमच्या माशेलच्या बाजूला खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं आहेत, म्हणून हे लगेच कळेल. बांधाला भगदाड पडून खारं पाणी शेतात शिरलं, तर भगदाड बुजवल्यावर पाणी थांबतं; मातीतला खार मात्र पुढच्या पावसाने धुऊन जावा लागतो, तोवर भात धड उभं राहत नाही. जुलाब थांबणं म्हणजे भगदाड बुजणं, एवढंच.

संशोधक विल्यम चेकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या नऊ अभ्यासांमधल्या मुलांची माहिती एकत्र करून २००८ मध्ये एक निष्कर्ष मांडला : दोन वर्षांच्या आत झालेल्या प्रत्येक जुलाबागणिक मूल बुटकं राहण्याची शक्यता वाढत जाते, आणि त्यांच्या हिशेबाने दोन वर्षांच्या वयाला दिसणाऱ्या खुंटलेल्या उंचीपैकी सुमारे पाव हिस्सा पाच किंवा अधिक जुलाबांच्या खात्यावर जातो. आधी वजन अडतं, ते अडलेलंच राहिलं की उंची अडते. वजन महिन्या-दोन महिन्यांत भरून काढता येतं. उंचीचं तसं नाही. आणि हे फक्त दूरच्या देशांतलं समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या गोव्यातही पाच वर्षांखालच्या दर चार मुलांमागे एक वयाच्या मानाने बुटकं निघालं. सुशिक्षित, खातंपितं राज्य म्हणून आपण मिरवतो, त्या राज्यात.

आता पेजेकडे येऊ. पेजेवर माझा राग नाही, मीही दहा-अकराच्या पेजेवर वाढलेली. पण दवाखान्यात आयांना मी सांगते की मुलाला जे भरवता ते डब्यातून घेऊन या. डब्यातली पेज चमच्यात घेते आणि चमचा तिरका करते. भुर्रकन वाहून गेली, तर ती पेज नाही, निवळ आहे. तुमच्या मुलाच्या पोटात एका वेळी जेमतेम पाव लिटर मावतं. ते निवळीने भरलं की पोट तट्ट आणि पोषण शून्याच्या आसपास. साबुदाण्याची कांजी त्याहून बिचारी. तिच्यात प्रथिन नावालासुद्धा नाही. या वयाच्या मुलाला आईच्या दुधाशिवाय रोज साधारण ५५० कॅलरी अन्नातून लागतात. तुमच्या आठवडाभराच्या पथ्यात त्यातल्या किती गेल्या असतील, तुम्हीच बघा.

म्हणून पेज घट्ट करा, चमच्यावर गोळा बसेल इतकी. दोन वाट्या तांदळाला एक वाटी मुगाची डाळ हे प्रमाण धरा, उकडे तांदूळ असतील तर चांगले मऊ शिजवून, घोटून. वर एक छोटा चमचा खोबरेल किंवा तूप. त्या एका चमच्यात चाळीसेक कॅलरी असतात आणि पोटात जागा जवळजवळ लागत नाही. घरात मासे होत असतील तर मुडदुशी किंवा बांगडा, काटे दोनदा बघून, तिखटाच्या आधी बाजूला काढलेला. अंडं द्या. साळदाटी केळं कुस्करून द्या. नाचणीचं तिझाण (गोड लापशी) गूळ-नारळाचा रस घालून केलंत तर फारच छान, मात्र तेही घट्ट. जुलाब चालू असताना मूल थोडंच खाईल. थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, त्याच्या मर्जीने. आणि जुलाब थांबले की रोजच्यापेक्षा एक जेवण जास्त, निदान दोन आठवडे, किंवा वजन परत येईपर्यंत. भूक तेव्हा वाढलेली असते. नेमक्या त्या आठवड्यात तुमच्या घरी पथ्य चालू असतं.

अंगावरचं दूध कधीच बंद करायचं नाही. जुलाबात तर मुळीच नाही. अनेकदा आजारी मूल दुसरं काही घेत नाही, पण अंगावर पितं. वरचं दूध चालू असेल तर तेही नेहमीसारखं द्या, पाणी घालून पातळ न करता. जुलाब चौदा दिवसांहून जास्त लांबले तरच दुधाचा वेगळा विचार करतात, आणि तो डॉक्टरांनी करायचा.

सासूबाईंच्या दातांबद्दल. त्यांनी पाहिलंय ते खोटं नाही, दात आणि जुलाब एकाच काळात येतात. पण सहा महिन्यांनंतर मूल रांगतं, जे दिसेल ते तोंडात घालतं, वरचं अन्न सुरू होतं आणि आईकडून जन्माआधी मिळालेलं संरक्षण ओसरत जातं. दातांनी जुलाब होत नाहीत. दातांच्या नावाखाली ते दुर्लक्षित मात्र राहतात. आता रोटाच्या लसीबद्दल. ६, १० आणि १४ आठवड्यांना दिलेत ते उत्तम केलंत. आपल्याकडच्या लसीने पहिल्या वर्षातल्या रोटाच्या जबर जुलाबांपैकी निम्म्याहून थोडे अधिक टळतात असं चाचणीत दिसलं होतं. बाकीच्या जंतूंना ती अडवत नाही.

दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर, कपडे काढून वजन करा. एवढं करून महिनाभरात पाव किलोही वाढलं नाही, तर मुलाला घेऊन जा. मग लघवीतला संसर्ग, रक्तक्षय, घरात कोणाला क्षय आहे का, हे सगळं बघावं लागेल.

प्रश्न : आमच्या वाड्यावर आया दुकानातून फळांच्या चवीचं तयार ‘ओआरएस’ आणतात. आम्ही देतो ती पुडी खारट म्हणून मुलं थुंकतात. झिंकच्या चौदा गोळ्या तर कोणीच पुऱ्या करत नाही, जुलाब थांबले की पाकीट कपाटात. कसं समजावू? — अंगणवाडी सेविका, पेडणे

उत्तर : ताई, आधी एक गोष्ट सांगा त्यांना. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, पटकी (कॉलरा) पसरली. सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पुड्या बांधल्या, पिंपात पाणी कालवलं आणि नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. तिथे तीसेक टक्के रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तुमच्या हातातली पुडी त्याच पुडीची नात आहे.

तिची सगळी करामत मापात आहे. आतडं मिठाला आत घेतं ते साखरेच्या जोडीने, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. एक लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. साखर याहून फार वाढली की गणित उलटतं : पाणी आत जाण्याऐवजी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. फळांच्या चवीच्या डब्यांत नेमकं तेच होत होतं. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यांनी यावर काही वर्षं एकटीने आरडाओरडा केला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हे शब्द वापरायला मनाई केली. आयांना एवढंच शिकवा की पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं असेल तरच घ्यायची, नाव काही का असेना.

खारट लागते म्हणून थुंकणाऱ्या मुलाच्या अंगातलं पाणी बहुधा अजून फारसं गेलेलं नसतं. ज्याचं गेलंय ते मूल वाटीवर तुटून पडतं. चमच्याने, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा, एवढंच. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर अर्धा कप, म्हणजे ५० ते १०० मिलि. आणि एक गोष्ट तुम्ही स्वतः उभं राहून करून दाखवा : मोठी पुडी अख्खी, एका लिटरमध्ये. अर्धी पुडी पेल्यात टाकणं किंवा ‘ताकद यावी’ म्हणून घट्ट कालवणं धोक्याचं आहे, रक्तातलं मीठ वाढून फिट येऊ शकते. पाण्याची एक लिटरची विकतची बाटली हे उत्तम माप, ते आता प्रत्येक घरात पडलेलं असतं. कालवलेलं चोवीस तासांनी ओतून द्यायचं.

झिंकचं दुखणं वेगळं आहे. आपण ते ‘जुलाबाची गोळी’ म्हणून देतो, मग जुलाब थांबले की आई ती थांबवणारच, तिचं काय चुकलं? तिला सांगा की ही गोळी पुढच्या जुलाबांसाठी आहे. चालू जुलाब तर ती लवकर आटोक्यात आणतेच, पण चौदा दिवस पुरे केले तर पुढचे दोन-तीन महिने जुलाब कमी होतात. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या काढलेल्या दुधात विरघळवून. पाकीट देतानाच त्यावर शेवटच्या दिवसाची तारीख मार्करने लिहा. ‘चौदा दिवस’ पेक्षा ‘चवथीपर्यंत’ हे लक्षात राहतं.

तुमच्याकडची दंडाची पट्टी लाल दाखवत असेल, म्हणजे ११.५ सेंटिमीटरच्या खाली, किंवा दोन्ही पावलांवर सूज असेल आणि त्यात जुलाब, तर त्या मुलाला घरी पुडी पाजत बसू नका. इतक्या खंगलेल्या मुलाची चिमटीत धरलेली कातडी एरवीही सावकाशच खाली बसते, त्यावरून पाणी किती गेलं ते कळत नाही, आणि भराभर पाणी पाजलं तर हृदयाला झेपत नाही. त्यांच्यासाठी वेगळं द्रावण असतं, वेगळं दूध असतं. थेट जिल्हा इस्पितळ किंवा गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ. सोबत तुम्ही गेलात तर अधिक चांगलं, कारण अशा घरची आई बहुतेक वेळा अर्ध्या वाटेवरून परत फिरते.

प्रश्न : आमच्या विहिरीचं पाणी काचेसारखं स्वच्छ आहे. चार पिढ्या तेच प्यायल्या. सून नातीसाठी पाणी उकळते आणि वर्षातून दोनदा विहिरीत पावडर टाकायला लावते. एवढं खरंच लागतं का? — एक आजोबा, डिचोली

उत्तर : काका, चार पिढ्यांतले जे जगले तेच आज पाणी चांगलं असल्याची साक्ष देताहेत. तुमच्या आजीला मुलं किती झाली आणि त्यातली किती मोठी झाली, हे आठवून बघा. माझ्या आजीचा हिशेब मला ठाऊक आहे.

दुसरं म्हणजे, चार पिढ्यांपूर्वी तुमच्या अंगणात सेप्टिक टँक नव्हता. तुमचाही आहे, शेजाऱ्याचाही आहे. आपली जमीन जांभ्याची, सच्छिद्र; पाणी मुरतंही झटकन आणि सरकतंही झटकन. शोषखड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर लांब हवा असं म्हणतात. हल्लीच्या प्लॉटांत तेवढं अंतर काढायचं कुठून? जुलै-ऑगस्टात पाण्याची पातळी वर येते, तेव्हा दोन्हींच्या मध्ये फार काही उरत नाही. जंतूंनी पाणी गढूळ होत नाही, ते काचेसारखंच दिसतं.

ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, टाकल्यावर तासभर पाणी काढायचं नाही. वर्षातून दोनदा टाकून मात्र फारसं साधत नाही, पावसाळ्यात ती वरचेवर लागते. आणि पावडरीला दाद न देणारे जंतूही आहेत, म्हणून नातीचं पाणी सून उकळते ते बरोबर. खळखळून एक मिनिट उकळलं की पुरे.

पण पाण्यावरच सगळं थांबू नका. तुमच्या अंगणात कोंबड्या फिरत असतील, नात त्याच अंगणात रांगत असेल. कोंबडीची विष्ठा, ती मुठीत, मूठ तोंडात. याला उकळलेलं पाणी काय करणार? नात रांगते तेवढा भाग तरी कोंबड्यांना बंद करा. तान्ह्या मुलाची शी निरुपद्रवी असते असा एक समज आहे, तो सोडा. ती संडासातच जायला हवी, माडाच्या आळ्यात नको. भरवण्याआधी आणि शी धुतल्यावर साबणाने हात धुणं, एवढ्यानेच जुलाब जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी होतात.

एक कबूल करायला हवं. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे इथे मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांचे निकाल २०१८-१९ च्या सुमारास आले. संडास, हात धुणं, पाणी शुद्ध करणं एवढंच करून मुलांची उंची वाढली नाही. पूरक आहार दिलेल्या मुलांची थोडी वाढली. आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते अनपेक्षित होतं. माझा त्यातून निघणारा अर्थ असा की स्वच्छता अर्धीमुर्धी करून भागत नाही आणि ताट रिकामं ठेवून तर नाहीच. तेव्हा सुनेला पाणी उकळू द्या, आणि नातीच्या वाटीत अंडं पडतंय की नाही ते तुम्ही बघा.

प्रश्न : मोठ्यांची जुलाब बंद करणारी गोळी चतुर्थांश करून दीड वर्षाच्या मुलीला दिली तर चालते का? मागच्या वेळची अँटिबायोटिकची बाटलीही शिल्लक आहे. — एक वडील, वास्को

उत्तर : नाही. चतुर्थांशही नाही. ती गोळी आतड्याची हालचाल थांबवते. लहान मुलात पोट फुगतं, मूल गुंगीत जातं, आणि घाण आतच राहते. बाटली ओतून टाका. या वयातले बहुतेक पाण्यासारखे जुलाब विषाणूंचे असतात, त्यांना अँटिबायोटिक लागू पडत नाही. ते लागतं शीत रक्त पडत असेल तेव्हा, किंवा पटकीसारख्या मोजक्या आजारांत, आणि तेही डॉक्टरांनी तपासून दिलं तर.

शीत रक्त दिसलं, मूल काहीच पीत नाही, घेतलेलं सगळं उलटून पडतंय, सहा तास लघवी नाही, डोळे आत गेलेत, हाक मारली तरी बघत नाही : यातलं एकही असेल तर इस्पितळ. रात्री दोन वाजता असेल तर रात्री दोन वाजता, १०८ ला फोन करून. गाडी येईपर्यंत आणि गाडीत बसल्यावरही, मूल जागं असेल आणि गिळत असेल तर पुडीचं पाणी चमच्याने चालू ठेवा.